निखाऱ्यात उभी राहणारी सुभद्रा

बाळापूरजवळच्या त्या गावात मी पोचलो तेव्हा मरिमायच्या पारासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मध्ये निखाऱ्यांचा थर आणि त्यात एक बाई उभी. निखाऱ्यांवरून पळणारे मी पुष्कळ पाहिलेत. वर राख असते, पाय टेकतो न टेकतो तोच उचलला जातो. त्यात देवाचं काही नाही. पण ही पळत नव्हती. करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला आणि मला, डॉक्टर असून, भीती वाटली.

तिचा दीर पुंजाराम कालपर्यंत कापसाच्या जिनात कामाला होता. आता कपाळभर शेंदूर फासून महाराज झाला होता. "मरिमायनं वहिनीच्या पोटातली भूक काढून नेली," तो ओरडत होता. "दोन घासावर जगून राहिली. पायाले इस्तो लागत नाही. येत्या पुनवेपासून ते दोन घासबी बंद."

लोकांनी धडाधड नारळ फोडले. मला बोलावलं होतं ते सुभद्राच्या आईनं, रुख्मिणीबाईनं. "डाक्तरसाहेब," ती एवढंच म्हणाली होती, "पोरगी मले ओळखून नाही राहिली."

दर्शनाच्या निमित्तानं मी पारामागच्या खोलीत शिरलो. सुभद्राचा चेहरा पिवळट, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत. पोटावर उभा व्रण.

"हा कशाचा?" मी आईला विचारलं.

"पोटात घाव व्हता. चार-पाच वर्सं झाले. नागपूरच्या डाक्तरानं पोटातली थैली कापून काढली."

"नागपूरला नेलं कोणी?"

"पुंजारामनंच."

मी सुभद्राला डोळे मिटायला सांगितले. "बाई, तुमच्या पायाचं कोणतं बोट धरलंय मी?"

"धरा तं खरं," ती म्हणाली.

अंगठा केव्हाचा माझ्या चिमटीत होता. तळव्याला काळी, सडत चाललेली जखम होती. डोळे उघडल्यावर दुसऱ्या कोणाचा पाय पाहावा तशी ती त्या जखमेकडे पाहत होती. पुनवेपर्यंत वाट पाहिली असती तर पाय गेला असता, मागोमाग बाईही.

पुंजाराम दारात आडवा आला. "मायच्या अंगाले सुई लावली तं गावावर कोप होईन."

मी सुभद्राला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. डोळे मिटले आणि ती कोसळली. मी सावरलं म्हणून वाचली.

"हिला जमीनच लागत नाही, म्हणून विस्तव लागत नाही," मी म्हणालो. "नजरेच्या आधारानं उभी राहते. भूक मरिमायनं नाही, सर्जननं काढली. जठर गेलं की अन्नातलं एक जीवनसत्त्व अंगी लागत नाही. रक्त आटतं, नसा मरतात, डोकं भरकटतं. त्यासाठी जन्मभर सुई घ्यावी लागते. पुंजाराम, नागपूरला काय सांगितलं होतं?"

"सुई घेत जा म्हणे," तो पुटपुटला. मग त्यानं वाट सोडली.

बाळापूरला माझ्या दवाखान्यात आणून तिला रोज ब-बारा टोचलं. दोन बोटं कापावीच लागली. काही आठवड्यांनी ड्रेसिंग करताना सुभद्रा एकदम कळवळली आणि बाजूला बसलेल्या आईचा हात पकडून म्हणाली, "पाय जळून राहिला वं, माय." रुख्मिणीबाई ढसाढसा रडली, आणि मलाही रडू आलं.

लोकहो, जिथं दुखायला हवं तिथं माणसाला दुखत नसेल, तर त्याच्या पाया पडू नका. त्याचे पाय तपासा.