कथलाचा सांधा

नत्थुजी सोनारांनी टाक तळहातावर पालथा केला. कडी पुन्हा निखळली होती. अंगठ्याएवढ्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाई म्हणजे त्यांची मेलेली लेक, सुभद्रा. जावयाने दुसरी बायको केली, तेव्हा रीतीप्रमाणे पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात आला. घडवला बापानेच. दुसऱ्या कोणाच्या हातोडीखाली लेक कशी द्यायची?

समोर विहीणबाई मैनाबाई बसल्या होत्या, अकोल्याहून गाडी जुंपून अकोटला आलेल्या. मागे नवी सून वच्छला, मान खाली घालून. अमेरिकेतल्या लढाईपायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि या घराने सोनारकी सोडून दलाली धरली. बोलण्यातही तोरा आला होता.

मैनाबाईंनी गाऱ्हाणं मांडलं. टाक एकदा चुलीपाशी पडला, आणि परवा तर भरल्या पंगतीत. पहिली हिला नांदू देत नाही, असं लोक म्हणतात. आता पडला तर पोरीला माहेरी पोचवायची आणि लेकाला तिसरी पाहायची.

"तुमची लेक लय रागीट दिसते, नत्थुजी."

नत्थुजींना ते झोंबलं. सुभद्रा रागीट? भाजीत मीठ जास्त पडलं तर स्वतःच आधी हसणारी पोर ती! राग कोणाचाच नव्हता. सांधा कच्चा होता, आणि तो त्यांनीच जाणूनबुजून कच्चा ठेवला होता. पक्क्या सांध्याला टाक लालभडक तापवावा लागतो. त्यांनी कथील आणि शिसं मिसळून वापरलं. दोन्ही वेगवेगळी जेवढी आच मागतात, त्याहून कमी आचेवर ती एकत्र पाघळतात. भांड्याला ते चालतं, गळ्यातल्या दागिन्याला नाही. पण सुभद्रा बाळंतपणात गेली, तेव्हा नत्थुजी कोणाच्या तरी बैलांच्या शिंगांसाठी चांदीच्या शेंब्या घडवत बसले होते. निरोप मिळून अकोल्याला पोचेपर्यंत राख निवली होती. जिला अग्नी देताना आपण नव्हतो, तिला आपल्याच हाताने निखाऱ्यावर धरायचं, हे त्यांच्याने झालं नव्हतं.

"बाबा, टाकातली बाई मले काहीच तरास देत नाही," वच्छला हळूच म्हणाली. "मी रोज पहिला घास तिले दाखोतो, मंग जेवतो."

नत्थुजी तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी जुना सांधा पार खरवडून काढला. शिशाचा कण राहिला तर तापल्यावर तो चांदीच खातो. कडीला चांदीचा नवा डाख आणि टाकणखार लावून त्यांनी टाक निखाऱ्यावर ठेवला आणि फुंकणी ओठांना लावली. टाकावरच्या सुभद्रेचा आधी पदर लाल झाला, मग हात, मग तोंड. फुंकर तुटू द्यायची नव्हती, म्हणून रडताही येईना. डाख पाघळून कडीभोवती बसला, तेव्हा सुभद्रेच्या नाकाची कड थोडी दबली.

टाक निवल्यावर त्यांनी तो दोऱ्यात ओवून वच्छलेच्या हातात दिला आणि ओढून पाहायला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी ओढला.

"आता नाही पडनार, पोरी," ते म्हणाले. "सुखानं नांद."

गाडी गेली. भर दुपारी ते विहिरीवर गेले आणि नेसत्या धोतरानिशी डोक्यावर घागरी ओतू लागले. त्यांची बायको पार्वताबाई दारात आली.

"सकाळी केली ना आंघोळ? आता काहून?"

"सुभद्रेले पोचवून आलो."

पार्वताबाईने आत जाऊन पेटती चूल विझवली.