न चाखलेलं सूप

मीरानने मांसाचं लालसर पाणी सिंकमध्ये ओतलं, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

"रक्त उतरलं का?"

"उतरलं, आई. चार पाणी झाली."

"तीन झाली."

"चार."

ओकबुनबाईंनी तिच्या हातातलं भांडं घेतलं, नळाखाली धरलं आणि गोमांसाचे तुकडे पुन्हा पाण्यात बुडवले. देगू शहरातून येताना तिने चांगलं कापून आणलेलं मांस सासूबाईंनी सकाळीच बाजूला सारलं होतं. धाग्याच्या दिशेने कापलंय, दात नसलेल्या माणसाने चघळायचं कसं, असं म्हणून त्यांनी तिला गावातल्या खाटकाकडे पिटाळलं होतं. ज्या माणसाच्या दातांची काळजी चालली होती, तो जाऊन वर्ष झालं होतं. आज सासऱ्यांचं पहिलं श्राद्ध होतं.

गाडीत तिचा नवरा तेसॉक म्हणाला होता, "आईकडे लक्ष ठेव." थंडीत ओकबुनबाई गॅसवर पातेलं ठेवून शेजारी गप्पा मारायला गेल्या होत्या आणि पातेलं जळून काळं झालं होतं. तेव्हापासून तेसॉकने वृद्धाश्रमाचे कागद आणून ठेवले होते. "आज काही चुकली, तर पुढच्या आठवड्यात नक्की करून टाकू. तू तिच्याबरोबर स्वयंपाकघरात असतेस. तुलाच कळेल."

तीस वर्षं सासूने तिची परीक्षा घेतली. आता सासूची परीक्षाही तिनेच घ्यायची.

"हात धुतलेस?" ओकबुनबाईंनी विचारलं. "लसणाचा वास येतोय."

"मी आज लसणाला हातही लावला नाही."

"मग कालचा असेल. पुन्हा धू."

मीरानने हात पुन्हा धुतले. श्राद्धाच्या स्वयंपाकात लसूण नाही, तिखट नाही. त्या वासाने पितर दारातूनच परत जातात. आणि त्यांच्या आधी कुणी काही चाखायचं नाही. म्हणून सूपात सोया सॉस नजरेनेच घालायचा. मांस, मुळा आणि टोफू उकळायला लागले तेव्हा ओकबुनबाईंनी बाटलीच्या तोंडावर अंगठा धरून तो घातला आणि मीरानला फळं मांडायला बाहेर पाठवलं.

ती परत आली. सूप वाढण्यासाठी तिने झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली.

लसूण.

तिने डाव फिरवला. मुळ्याच्या फोडींमध्ये ठेचलेल्या लसणाचे पांढरे कण तरंगत होते. सासूबाई कोपऱ्यात बसून शांतपणे चमचे पुसत होत्या. दिवसभर माझ्या हातांच्या मागे लागल्या आणि स्वतः, असं मीरानच्या अगदी ओठावर आलं. मग तिला गाडीतलं बोलणं आठवलं. नवऱ्याने जी चूक शोधायला सांगितली होती, ती समोर उकळत होती. बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. दुसरं सूप करायला वेळ नव्हता.

तिने वाटी भरली आणि नेऊन सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवली.

नमस्कार झाले, दारू वाहून झाली, मग सगळे जेवायला बसले. सासऱ्यांच्या धाकट्या भावाने पहिला चमचा तोंडात घातला आणि हात थांबवला.

"यात लसूण आहे."

तेसॉकने चमचा खाली ठेवला आणि सरळ मीरानकडे पाहिलं.

"माझ्याकडून पडला, काका," ती म्हणाली. "रोजची सवय. हात आपोआप गेला."

"म्हणजे दादा दारातूनच परत गेला असणार."

"तीस वर्षं झाली हिला या घरात येऊन," ओकबुनबाई म्हणाल्या. "शिकवून शिकवून माझे केस पांढरे झाले. सकाळपासून सांगतेय, लसूण, लसूण. एका कानाने ऐकते, दुसऱ्याने सोडून देते. माझ्या सासूने तर मला त्याच पातेल्यासकट माहेरी धाडलं असतं."

मीरानचे कान तापले. कुणासाठी खोटं बोललं, तर त्या माणसाने निदान गप्प तरी बसावं. पण तेसॉकच्या कपाळावरची आठी गेली होती. "आईचं लक्ष असतं हं अजून," तो काकांना म्हणाला. काकांनी मान हलवली आणि सूपाची वाटी पुन्हा पुढे केली.

नंतर स्वयंपाकघरात मीरान भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती.

"आई, लसूण तुम्ही घातलात."

"मग दुसरं कोण घालणार? सात पाकळ्या."

मीरानने नळ बंद केला.

"तुझे सासरे त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला हे बिनलसणाचं सूप खाताना दर वर्षी तोंड वाकडं करायचे," ओकबुनबाई म्हणाल्या. "मला सांगून ठेवलं होतं. माझ्यापुढे असलं पाणी ठेवलंस, तर मी दारातूनच परत जाईन."

"मग बाहेर मला कशाला बोललात?"

"तू कबूल केलंस म्हणून. नसतं केलंस, तर मीच सांगणार होते. आणि मग तुझा नवरा काय म्हणाला असता, ते मला माहीत आहे. कागद गाडीतच आहेत ना?"

मीरानने रिकामा डबा उघडून पुढे सरकवला.

"आता कसं, लसूण तुझ्याकडून पडतो हे काकांनी ऐकलंय," सासूबाई डब्यात सूप ओतत म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही पडू दे. शिव्या मी घालीन."

गाडी सुरू करण्याआधी तेसॉकने विचारलं, "काही चुकली का आई?"

मीरान सूपाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "चुकल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान माझ्याशी दोन शब्द गोड बोलल्या असत्या. ते कागद देऊन टाक परत."

फाटकापाशी उभ्या राहून सासूबाई हाताने खुणावत होत्या, डबा सरळ धर. मीरानने तो सरळच धरला होता. तरी तिने तो काचेपर्यंत उचलून त्यांना दाखवला.