घरी न्यायचा भात

शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं आणि ओस पडलेले वर्ग महिन्याभरात गच्च भरले. मोठ्या बाई येईल त्याला कौतुकानं सांगत, "ही सगळी आमच्या मावशींच्या हाताची करामत." मावशी म्हणजे शाळेची स्वयंपाकीण. तोंडानं फटकळ, पण वाढताना हात सैल.

रांगेत शेवटी एक मुलगी असायची. गाल फुगवून खायची म्हणून पोरं तिला खारूताई म्हणत. एकदा मावशींनी तिला दप्तरातल्या पिशवीत भात सारताना पकडलं.

"इथं जेवायला येतेस की भरून न्यायला?" त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या.

अख्खी रांग हसली. पोरीनं मुकाट्यानं भात परत ताटात काढला.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. एवढ्या गर्दीत एक डोकं कमी झालेलं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मावशींना मात्र वाढता वाढता शेवटी कुणीतरी उभं असल्याचा भास व्हायचा. डाव भरून मान वर करावी, तर समोर नुसती भिंत.

पाचव्या दिवशी त्या पत्ता काढत तिच्या घरी गेल्या. एकच खोली. खाटेवर आई, कमरेखाली अधू.

"शाळेत गेलीय की," आई म्हणाली. "तुमच्याकडेच जेवते ना? माझ्यासाठीही आणते. फार उपकार झाले."

"येते," म्हणून मावशी उठल्या.

परतताना चौकातल्या खानावळीमागच्या नळावर ती भांडी घासताना दिसली. कोपरापर्यंत साबण. मावशी शेजारी टेकल्या.

"चुकलं माझं, बाळा. उद्या ये. आईचा डबा मी भरून देईन."

"नको मावशी. इथं घरी न्यायला देतात." मग खालमानेनंच म्हणाली, "आईला सांगू नका."

मावशींनी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. बाईंनी जाऊन मालकाला खडसावलं. त्यानं त्याच दिवशी पोरीला काढून टाकलं. तरी ती शाळेकडे फिरकली नाही.

आता शाळा सुटली की मावशी डबा घेऊन त्या खोलीत जातात. लेक कधीच घरी सापडत नाही. आईच्या उशाशी मात्र झाकलेली ताटली असते, अजून कोमट.

"अहो, पुन्हा कशाला आणलंत? पोरगी आत्ताच ठेवून गेली. तुमचाच भात ना?"

"माझाच," मावशी म्हणतात. तो कुणाच्या चुलीवरचा आणि कशाच्या बदल्यात मिळालेला, हे शोधायचा त्यांना धीर होत नाही.