कुणाच्याच नसलेल्या नोंदी

नूरीनने सर्व्हरवरचा एकेका टीमचा कप्पा उघडून पाहिला. दूधवजनाचा, टँकरफेऱ्यांचा, शेवटी स्वतःचा. मशीन बंद पडण्याआधीच्या इशाऱ्याची नोंद एकातही नव्हती. सर्व्हरचं मशीन अडीचला बंद पडलं होतं, आता सव्वातीन झाले होते, आणि या यंत्रणेत नोंदी तासाभराने आपोआप पुसल्या जात.

फोन वाजला. सांगलीच्या मुख्य ऑफिसातून जयराजसर.

"घावलं का काय?"

"न्हाई अजून, सर."

"मग तुझाच प्रोग्राम. सकाळी चढवलास, दुपारी मशीन झोपलं. दूध संघाची माणसं डोक्यावर बसलीत माझ्या. साडेतीनला त्यो प्रोग्रामच काढतो बघ."

"दहा मिनिटं द्या."

"तुझी दहा मिनिटं लय मोठी असत्यात," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

सहा महिने खपून तिने तो प्रोग्राम केला होता. साताऱ्याच्या ऑफिसात एप्रिलपासून ती एकटीच बसायची. वाद घालायलाही कुणी नव्हतं. ती स्वतःशीच पुटपुटली, "बंद पडलं ते अख्खं मशीन. ते कुठल्या टीमचं?"

कुठल्याच नाही. मग त्याच्या नोंदी 'डीफॉल्ट' कप्प्यात जाणार. यंत्रणेसोबत आलेला, कुणीच न वापरणारा कप्पा. तिने तो उघडला. दोन वीसपासून एकच इशारा पुन्हा पुन्हा: डिस्क भरत आली आहे. भरली होती जुन्या फायलींनी. तिने फोटो काढून सांगलीला पाठवला. लगेच फोन आला.

"सुटलीस बघ!" जयराजसर म्हणाले. "पण ह्ये कुणीच बघत न्हवतं व्हय? तसंच लिही रिपोर्टात."

त्या कप्प्यात एक चिमुकला प्रोग्राम दोन वर्षं चालू होता. आलेला प्रत्येक इशारा तो एका पत्त्यावर मेल करायचा. आजही अकरा मेल गेले होते. पत्ता शाहनवाजचा, एप्रिलपर्यंत तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचा; तो गेला तेव्हाच बंद केलेला.

मार्चमध्ये जयराजसरांनी विचारलं होतं, हा दिवसभर करतो तरी काय? तिने सगळ्या टीमचे कप्पे तपासून सांगितलं होतं, "त्याच्या नावावर कुठंच काही दिसत न्हाई, सर."

नूरीनने रिपोर्ट लिहायला घेतला. 'हे इशारे शाहनवाज बघत असे. त्याला कमी केल्यापासून कुणी बघत नाही.' मग तिने पुढचं वाक्य लिहिलं. 'त्याला काम नाही, असं मी कळवलं होतं.'

तिने रिपोर्ट पाठवला. जयराजसरांनी वाचल्याची खूण लगेच आली.