अब्बांचं नाक आणि वलिम्याची देग

माझे अब्बा लालमियाँ म्हणजे अंबडचे नावाजलेले बिर्याणीवाले, आणि काही वर्षांपासून त्यांना कशाचाच वास येत नव्हता! हे फक्त अम्मीला आणि मला ठाऊक. देगेचं, म्हणजे मोठ्या हंड्याचं, झाकण कणकेनं बंद केलं की आत दम झाला का, बिर्याणी वाफेवर नीट शिजली का, ते वासावरूनच ओळखायचं. म्हणून अम्मी पडद्याआड बसायची आणि वास आला की बांगड्या वाजवायची. अब्बा लगेच मान डोलवायचे, "झाला दम!" लोक वाहवा करायचे. मला हसू आवरायचं नाही.

शेवटी मी त्यांना ओढतच जालन्याला नेलं. डॉक्टरबाईंनी स्कॅन दाखवला. नाकात दोन्हीकडे मांस वाढून गच्च भरलेलं.

"मांस काढते," त्या म्हणाल्या, "पण मुळात सूज फार आहे. ती पुन्हा येऊ शकते. नाकात औषधाचा फवारा रोज मारा. वास परत येईलच, असं सांगत नाही."

ऑपरेशननंतर अब्बांचं घोरणं थांबलं, पण वासाचा पत्ता नाही. लसूण, अत्तर, माझे मोजे, सगळं हुंगत फिरले बिचारे. मग एका वलिम्याआधी, म्हणजे नवरदेवाकडच्या लग्नाच्या जेवणाआधी, त्यांनी अम्मीला शपथच घातली, "आज बांगड्या न्हाई वाजवायच्या. वास आला तर आला, न्हाई तर मी हे काम सोडलं."

अब्बा देगेला नाक लावून बसले.

"चाचा, उघडू का?" मदतीला असलेल्या संपतनं विचारलं.

"थांब."

पडद्याआड अम्मीला आणि मला मसाल्याचा घमघमाट आला. अम्मीनं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"अम्मी, वाजव ना!"

तिनं माझ्यावर डोळे वटारले. घमघमाटात आता करपट वास मिसळला.

इतक्यात अब्बा ताडकन उठले. "संपत, जल्दी निखारे ओढ! खालून लागलं रे! मला वास येऊन राह्यला! करपली, बिलकुल करपली!" आणि चक्क नाचायला लागले. नवरदेवाचे वडील इजहारचाचा धावत आले, तर अब्बांनी त्यांनाच मिठी मारली. "मुबारक हो, तुमची बिर्याणी करपली!"

वरची बिर्याणी चांगली निघाली म्हणून निभावलं.

अब्बा पडद्याआड आले. "तुला वास कधी आल्ता?"

"कधीचाच."

"मंग वाजवायचं न्हाई का? इज्जत गेली असती ना!"

"तुम्हीच शपथ घातल्ती," अम्मी म्हणाली आणि ढसाढसा रडली.

अब्बांनी वाकून तिच्या केसांना नाक लावलं. "खोबरेल," ते म्हणाले, "आणि थोडा धूर."

मी तोंड फिरवलं.