बुचड्याची कडी

कडी आज बसेना. सोन्याची, बोटभर रुंद, कमळाच्या पाकळ्या कोरलेली – सोरियाच्या डोक्यावरच्या बुचड्याभोवती ती रोज सकाळी अलगद सरकायची आणि त्याची आई, राणी चानमोनी, वरून मोगऱ्याचा गजरा गुंडाळायची. आज मात्र केस तेलानं चोपून, पिळूनही ती अर्ध्यावरच अडली. पोराचे केस पुरुषासारखे राठ झालेले. सोनाराला बोलवायला हवं, असं मनात आलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, कारण कडी याआधीही एकदा वाढवून घेतली होती, आणि तेव्हा सोनार मान खाली घालून नुसता हसला होता.

‘ओढू नका, राणीबाई. दुखतंय त्याला,’ याय न्हेम म्हणाली. मायलेक दोघांनाही अंगाखांद्यावर वाढवणारी म्हातारी दाई, तिला कोण गप्प करणार?

‘दुखत नाही, याय.’ सोरियाचा आवाज नवा, घोगरा. मान तशीच पुढे वाकवलेली.

मुहूर्त बघून बुचडा कापून उतरवला की पोर पुरुष होतं, आणि सोरियाचा उतरला की राज्य त्याच्या हाती जाणार. तोवर राजमुद्रा तिच्याकडे. राजा गेला तेव्हा हे पोर कडेवर होतं आणि दीर टपून बसलेला, तेव्हा तिनं कारभार हाती घेतला तो पोरासाठीच – हे खोटं नव्हतं, सुरुवातीला तरी. पण मग दीरही तापानं गेला... आणि त्याच वर्षी तिनं होराला, दरबारच्या ज्योतिष्याला, सहज विचारावं तसं विचारलं होतं, ‘यंदाचं साल काही बरं दिसत नाही, नाही का?’ होरा कसला बेरकी. त्यानं पाटीवर घरं आखली, पुसली, आणि हव्या त्या घरात राहूला आणून बसवलं; बुचडा उतरवणं पुढं गेलं.

मला बोलायला आवडायला लागलं होतं, एवढंच. नवरा होता तोवर त्याच्या मागे बसून पानाचे विडे लावत राहायचे. आता मी घसा खाकरला की तळ्याच्या पाण्यावरून भांडत आलेले गावोगावचे म्हातारे गप्प होतात... हे कुणाला सांगू? याय न्हेमलासुद्धा नाही. लाज वाटते.

काल मुदपाकखान्याच्या शिडीजवळून जाताना तिनं ऐकलं होतं. ‘महाराजांना मिसरूड फुटलं, पण जावळ काही उतरेना.’ ‘उतरलं तर आईसाहेबांनी बसायचं कुठं गं?’ मग हसणं. ती ऐकलंच नाही असं दाखवून पुढे गेली होती, चोरासारखी.

दरबारात ती कडी मुठीत घेऊनच बसली. होरा पाटी मांडून तिच्या तोंडाकडे बघत होता.

‘यंदा मुहूर्त आहेत... म्हणजे तसे आहेतही, पण...’

त्यानं वाक्य तिच्यासाठी मोकळं सोडलं. तिनं एक शब्द बोलायचा होता. कोणता, ते जिभेवर येईपर्यंत तिलाही कळणार नव्हतं – आणि तेवढ्यात शेजारून तो घोगरा आवाज आला.

‘मला वाईट स्वप्न पडलं. पांढऱ्या हत्तीनं माझ्याकडे पाठ फिरवली. यंदा नको. पुढच्या साली बघू.’

होरानं सुटलो बुवा अशा थाटात पाटी पुसून टाकली. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सोरिया समोर बघत होता आणि गुडघा खाजवत होता... लहानपणी ताडगूळ चोरून खाल्ला, आणि ‘मी नाही’ म्हणाला, की अस्साच गुडघा खाजवायचा.

स्वप्न पडलंच नव्हतं.

म्हणजे याला ठाऊक आहे. कधीपासून? त्या राहूपासून? म्हणजे रोज सकाळी, माझ्या फणीपुढे मान वाकवून बसायचा तेव्हाही... ‘दुखत नाही’ म्हणाला तेव्हाही. लेकराचं काही चुकलं की आई चारचौघांत झाकून घेते, तसं त्यानं तिला झाकून घेतलं होतं.

कडीची पाकळी तळहातात रुतत होती. पाण्याचे तंटेवाले पुढे सरकून हात जोडून बसले. बोलायला हवं होतं. तिनं घसा खाकरला आणि सगळे गप्प झाले, नेहमीसारखे. आणि ते गप्प होणं तिला पहिल्यांदाच सोसवेना.