पेंटरची तीन अंडी

फलक पहिला

*थांबा. पुढे पक्ष्याचं घरटं आहे. दोरीच्या आत येऊ नये.*

हा फलक रंगवायला पेंटरला पाऊण तास लागला आणि मंजूर करून घ्यायला दोन सभा. किनारा राखण मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं, ‘थांबा’ अंगावर येतं, ‘कृपया’ घाला. चिटणीस म्हणजे दातांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, “सर, वीस वर्षं मी लोकांना ‘कृपया तोंड उघडा’ म्हणतेय. कोणी उघडत नाही. ‘उघडा’ म्हटलं की उघडतात.” ‘थांबा’ राहिलं.

पेंटर मंडळात आला तो काही पक्ष्यांच्या ओढीने नव्हे. दुकानांच्या पाट्या छापून यायला लागल्या तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, त्याचे ब्रश जिन्याखालच्या डब्यात ताठ उभे होते. घर दोन मजली. वर लेक-जावई, खाली तो. नऊ वर्षांत त्याच्या हातून एकच पाटी झाली होती, ‘दारासमोर गाडी लावू नये’. ती त्याच्याच दारावर होती आणि तिच्यासमोर जावई रोज गाडी लावायचा. मग एक दिवस डॉक्टर दारात आल्या.

“काका, हाताने रंगवलेली, खाऱ्या वाऱ्यात टिकेल अशी पाटी आता कोण करतं हो?”

“बघतो विचारून,” पेंटर म्हणाला. आत गेला, स्वतःला विचारलं आणि बाहेर आला.

फलक दुसरा

*घरटं दिसत नसलं तरी ते आहे.*

हा लावावा लागला, कारण लोक दोरीपाशी यायचे, वाळू बघायचे आणि फसवल्यासारखे तोंड करायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. चिखल्या नावाचा हा पक्षी चिमणीपेक्षा जरा मोठा आणि अंगाने वाळूच्याच रंगाचा. घरटं म्हणजे वाळूत टाचेने पाडावा तेवढा खळगा. त्यात तीन अंडी, तीही वाळूच्या रंगाची, वर काळे ठिपके. काडी नाही, गवत नाही, आडोसा नाही. सर म्हणायचे, संसार कसा करू नये ते शिकवायला हे घरटं वर्गात न्यायला हवं.

मादीचं नाव मंडळाने वाळूबाई ठेवलं. पालिकेने पत्र दिलं: अंड्यांतून पिल्लं बाहेर पडेपर्यंत, किंवा अंडी नष्ट होईपर्यंत, दोरीच्या आतला पट्टा विंचरू नये. विंचरायचं काम ट्रॅक्टरचं. त्याच्यामागे लोखंडी दात्यांची खोलीएवढी रुंद फणी असते. ती कचरा ओढते आणि वाटेत येईल ते सगळं सपाट करते. पालिकेच्या त्या ट्रॅक्टरवर पेंटरचा जावई होता.

“बाबा, तुमच्या पक्ष्यापायी ह्यांना रोज साहेबांपुढे उभं राहावं लागतं,” लेक जेवताना म्हणाली. “पट्टा का सोडला म्हणून.”

“पत्र आहे ना.”

“पत्र साहेबांच्या टेबलावर असतं. बोलणी ह्यांना बसतात.”

जावई जेवत राहिला. सासऱ्याशी तो गाडीच्या हॉर्ननेच काय ते बोलायचा.

सहाव्या दिवशी

दुर्बिणीवर पाळी पेंटरची होती. वाळूबाई ऊन वाढलं म्हणून क्षणभर उठली, पाय झटकले, आणि पेंटरला तिसरं अंडं दिसलं. अंड्याच्या रुंद टोकाला, उजवीकडे खाली, एक टिंब होतं आणि टिंबाला शेपटी होती.

पेंटरने दुर्बीण पुसली. पुन्हा पाहिलं. वाळूबाई बसली होती.

ते टिंब गावातल्या साठ-सत्तर पाट्यांवर होतं. न्हाव्याच्या, चक्कीच्या, सरांच्या शाळेच्यासुद्धा. पेंटर नाव कधी लिहीत नसे. उजव्या कोपऱ्यात शेपटीचं टिंब द्यायचा आणि खाली उतरायचा. अंड्याला कोपरा नसतो. पण हाताला सवय असते.

चूक अशी झाली होती

नव्या स्वयंसेवकांना वाळूत पाय कुठे ठेवायचा हे शिकवायला नमुन्याची अंडी हवी होती. प्लास्टर डॉक्टरांनी दिलं, कवळीचा साचा घेतात ते. दगडासारखं घट्ट बसतं. पेंटरने तीन अंडी घडवली आणि पुस्तकातलं चित्र समोर ठेवून दोन रात्री रंगवली. शिकवणी वाळूतच झाली. सर म्हणाले, “चला, अंडी उचला.” अकरा माणसं होती. अकरा माणसांना वाटलं की दुसऱ्याने उचलली.

चार दिवसांनी डॉक्टर धावत आल्या, घरटं सापडलं म्हणून. पेंटरही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवून आला होता.

फलक तिसरा (रंगवला नाही)

*आत काही नाही. आपापल्या घरी जा.*

हा फलक पेंटरने मनातल्या मनात तीन वेळा रंगवला. तिन्ही वेळा अक्षर सुरेख आलं.

सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण एक गोष्ट अशी की आयुष्यभर लोकांनी त्याच्या पाट्या वाचल्या, पाहिल्या कोणी नाहीत. चक्कीवाल्याने तर पाटी उलटी टांगली होती आणि महिनाभर दळणं येत राहिली. आणि आता एक जीव, ज्याचा अंड्यांखेरीज दुसरा व्यवसाय नाही, त्याने त्याचं काम जवळून पाहिलं होतं, चोचीने उलटसुलट करून पाहिलं होतं आणि वर बसला होता. दिवसरात्र. इतकी मोठी पावती पेंटरला कोणी दिली नव्हती. ती परत कशी करायची, हे त्याला सुचेना.

बाराव्या दिवशी चहाच्या टपरीवर डॉक्टर सहज म्हणाल्या, “एक बरं आहे काका, ह्यांची अंडी गेली तर आठ-दहा दिवसांत पुन्हा घालतात. पण ते ह्या महिन्यातच. पुढच्या महिन्यात गेली तर वर्ष गेलं.”

पेंटरचा बिस्किटाचा तुकडा चहात पडला. महिना संपायला सोळा दिवस होते.

“आणि समजा अंडी फुटलीच नाहीत, तर?”

“तर बसून राहते बिचारी. महिना, सव्वा महिना. कोणीतरी तिला सांगायला नको का?”

“हो,” पेंटर म्हणाला. “नको का.”

पाटीसमोर

त्या संध्याकाळी जावई गाडी लावत होता, पाटीसमोर. पेंटर बाहेर आला.

“जावईबापू, एक काम होतं.”

जावयाने इंजिन बंद केलं. सासऱ्याने काम सांगायची ही नऊ वर्षांतली पहिली वेळ होती. पेंटरने सगळं सांगितलं, टिंबासकट. अंडी काढली की पत्र संपतं. पत्र संपलं की ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टर आला की तिला पुन्हा अंडी घालायला जागाच राहत नाही. बाकी सगळा किनारा विंचरून गुळगुळीत झालेला. आणि नाही काढली, तर ती प्लास्टर उबवत वर्ष घालवणार.

“मग माझ्याकडून काय पाहिजे?”

“दहा दिवस.”

जावयाने किल्ली काढली. “बाबा, पाटी तुमची. नोकरी माझी,” तो म्हणाला आणि वर गेला.

सभा, सरांच्या अक्षरात

*विषय १. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. केले.*

*विषय २. पेंटर यांनी असे निवेदन केले की घरट्यातील अंडी त्यांची आहेत. सभेत हशा. पेंटर यांनी निवेदन पुन्हा केले. शांतता.*

*विषय ३. अंडी नष्ट झाली असे समजावे काय, यावर चर्चा. डॉक्टर यांचे मत, ती नष्ट होणे शक्य नाही, प्लास्टर त्यांचे आहे.*

*विषय ४. पालिकेस खरे ते कळवावे काय. मतदान. कळवू नये: नऊ. कळवावे: अध्यक्ष. अध्यक्षांनी कळवावे असे ठरले, कारण पत्रावर सही अध्यक्षांची असते.*

इतिवृत्तात एक गोष्ट आली नाही. सभा संपल्यावर सर पेंटरजवळ आले आणि हळूच म्हणाले, “पेंटर, मी रोज दोन तास पाहत होतो. मला नाही ओळखता आली.” मग, “शाळेच्या पाटीबद्दल तेव्हा मी तुमच्याशी घासाघीस करायला नको होती.”

वाळूबाई

साहेबांनी पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊचा ट्रॅक्टर लावला. साडेआठला पेंटर अंडी काढायला गेला. ती त्याची होती, म्हणून त्यानेच काढायची असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. मंडळ दोरीबाहेर ओळीने उभं होतं. ट्रॅक्टर येऊन थांबला होता, वर जावई.

पेंटरने दोरी ओलांडली. एकोणीस दिवस इतरांना ओलांडू न दिलेली दोरी ओलांडताना त्याचा पाय अडकला. दहा पावलं गेला असेल, वाळूबाई घरट्यातून उठली, थोडी पळाली आणि आडवी झाली. तिचा डावा पंख मोडला होता. तो वाळूत घासटत, एका अंगावर कलत, लंगडत ती पेंटरच्या पुढ्यातून चालली. मागे वळून पाहायची, केविलवाणं ओरडायची, पुन्हा घासटायची.

पेंटरला हे ठाऊक होतं. शिकवणीत डॉक्टरांनी स्वतः वाळूवर पडून करून दाखवलं होतं. पंखाला काही झालेलं नसतं. शत्रूला अंड्यांपासून दूर न्यायचा तो बहाणा. शत्रू मागे आला की पक्षी भुर्रकन उडून जातो.

अंडी त्याच्या पायांपासून चार हातांवर होती. वाकून उचलायची, एवढंच काम. पण ती इतकं मन लावून करत होती की मागे न जाणं बरं दिसलं नसतं. पेंटर तिच्या मागे गेला. ती लंगडत पुढे, तो वाकून मागे, असे दोघं पट्ट्याच्या टोकापर्यंत गेले.

“काका, अंडी इकडे आहेत!” दोरीबाहेरून कोणीतरी ओरडलं.

“माहितेय,” पेंटर मागे न बघता म्हणाला.

टोकाला ती उडाली. पंख ठणठणीत होता. पेंटरने ती जाताना पाहिली, परत आला आणि अंडी उचलली. तिन्ही गरम होती. त्याने ती खिशात टाकली नाहीत. हातातच धरून बाहेर आला.

मग सगळे ट्रॅक्टरकडे बघायला लागले. जावई कधीपासून पक्षी गेला त्या दिशेला बघत होता. त्याने घड्याळ पाहिलं, नऊ वाजले होते. इंजिन सुरू केलं. ट्रॅक्टर दोरीच्या दिशेने हातभर आला, गचका खाल्ला आणि थांबला.

जावई खाली उतरला, फणीमागे गेला. कसलीशी खटपट केली. वर आला तेव्हा फणीची डावी बाजू खाली लोंबत होती.

साहेब पायी पोचले तेव्हा ट्रॅक्टर पट्ट्याकडे पाठ करून निघाला होता, एका अंगावर कलत, फणीचं टोक वाळूत घासटत, हळूहळू, दुसऱ्या टोकाला.

“अरे, झालं काय?” साहेब मागून चालत म्हणाले.

“बघा ना साहेब,” जावई वळून म्हणाला. आवाज अगदी पडलेला. “इथे नको, पुढे घेतो. पुढे नीट दिसेल.”

“थांब की!”

“थांबलो तर बंद पडेल.”

साहेब त्याच्या मागून गेले. पार खडकांपर्यंत गेले. वाळूत एक लांब रेघ राहिली.

फणीचा सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो आणि तो यायला दहा दिवस लागतात, असं जावयाने लेखी दिलं. संध्याकाळी त्याने नेहमीसारखी पाटीसमोर गाडी लावली. पेंटर ओट्यावर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लेक वरून म्हणाली, “आज ह्यांनी हॉर्न नाही वाजवला?”

फलक चौथा

पेंटरने कोरा तयार ठेवला होता. मजकूर ठरत नव्हता, कारण वाळूबाई येऊन फिरून जायची, दोनदा वाळूत टाच मारल्यासारखा खळगाही केला, पण बसत नव्हती. आठ दिवस झाले. लेक विचारायला लागली, “तुमच्या फणीचं काय झालं हो?” जावई म्हणायचा, “येतेय.” नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज दबलेला, जणू घरट्यातूनच बोलत होत्या.

“काका, ताबडतोब या. आणि खरं सांगा.”

पेंटर कोरा फलक आणि रंगाचा डबा घेऊन गेला. सर दुर्बिणीशी होते, ते बाजूला झाले. जुन्या खळग्यापासून सात हातांवर वाळूबाई बसली होती.

“तिन्ही तुमच्याकडेच आहेत ना?” डॉक्टर म्हणाल्या.

“कपाटात.”

“चौथं-पाचवं काही केलं नव्हतं?”

“नाही.”

“बघा. सर पुन्हा पत्र लिहायचं म्हणतायत. ह्या वेळी खात्री करूनच जाणार.”

ऊन चढेपर्यंत पेंटर दुर्बिणीला डोळा लावून राहिला. शेवटी वाळूबाई उठली, पाय झटकले. पेंटरने तिन्ही अंडी नीट पाहिली, एकेक करून, टोकं, कडा, ठिपके. मग डोळा काढला.

“माझी नाहीत.”

“टिंब नाही?”

“टिंब जाऊ द्या. हे ठिपके बघा, एका बाजूला नुसती गर्दी. आणि मधल्याचा रंग सारखा बसलेला नाही.” त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि ब्रश बुडवला. “असं काम मी केलं असतं तर चक्कीवाल्यानेसुद्धा परत पाठवलं असतं.”

आणि त्याने लिहायला घेतलं: *थांबा.*